लेबलवरचे ग्रॅम आणि आतड्याचा हिशेब

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात ५८ माणसांना अर्धा लिटर पाणी प्यायला दिलं गेलं. त्यात ४० ग्रॅम इन्युलिन विरघळवलेलं होतं. इन्युलिन हा तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर. दिसायला पांढरी पूड, चवीला किंचित गोडसर. ५८ पैकी निम्मी माणसं ठणठणीत होती. उरलेल्या निम्म्यांना ‘इरिटेबल बाउल सिंड्रोम’ म्हणजे आयबीएस होता. या आजारात तपासण्यांमध्ये काही सापडत नाही, पण पोट दुखतं, फुगतं, कधी धाव घ्यायला लावतं, तर कधी दोन-दोन दिवस हलत नाही. पाणी पिऊन झाल्यावर सगळ्यांना एमआरआय यंत्रात झोपवून मोठ्या आतड्यात किती वायू साठतो ते मोजलं.

अपेक्षा अशी, की ज्यांचं पोट दुखतं त्यांच्या पोटात वायू जास्त होत असणार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसं काही निघालं नाही. वायू दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. गुबारा आणि कळा मात्र आयबीएसवाल्यांच्या वाट्याला कितीतरी अधिक आल्या. पदार्थ तोच, ग्रॅम तेवढेच, वायूही तेवढाच. आणि एकाला काही जाणवत नाही, दुसरा पोट धरून बसतो.

बिस्किटाच्या पुड्यावर, नाश्त्याच्या सीरियलवर, प्रोटीन बारवर ‘हाय फायबर’ असं ठळक छापलेलं असतं तेव्हा त्यामागे असतो एकच आकडा, ग्रॅमचा. भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅम फायबर असेल तर तो ‘फायबरचा स्रोत’ ठरतो आणि ६ ग्रॅम असेल तर ‘हाय फायबर’. ते फायबर गव्हाच्या कोंड्याचं आहे, इसबगोलाचं आहे की कारखान्यात मूळ उकळून काढलेल्या पुडीचं, हा प्रश्न या दाव्यापुरता गैरलागू असतो. पोटाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तोच आहे.

कोंड्याची पोती

अन्नात वरून फायबर घालण्याचा आधुनिक इतिहास एका युद्धनौकेपासून सांगितला जातो. १९४१ साली ब्रिटिश नौदलाच्या ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ या नौकेवर टी. एल. क्लीव्ह नावाचे डॉक्टर होते. महिनोन्महिने समुद्रावर, ताज्या भाज्या दुर्मीळ, आणि खलाशी बद्धकोष्ठाने हैराण. क्लीव्ह यांनी गव्हाच्या कोंड्याची पोती जहाजावर चढवली आणि खलाशांना कोंडा खायला लावला. खलाशांची पोटं साफ होऊ लागली. मैदा आणि साखर हेच आधुनिक माणसाच्या अनेक आजारांचं मूळ आहे, हा विचार क्लीव्ह यांनी पुढे आयुष्यभर मांडला.

त्या विचाराला जगभर वजन मिळवून दिलं डेनिस बर्किट यांनी. हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात कंपाला इथल्या मुलागो रुग्णालयात होते. लहान मुलांच्या जबड्याच्या एका कर्करोगाला त्यांचं नाव दिलेलं आहे. युरोपात रोज दिसणारे कितीतरी आजार आफ्रिकेतल्या खेड्यात का दिसत नाहीत, याचा शोध घेताना त्यांनी माणसाचा मल तोलायला सुरुवात केली. क्ष-किरणात दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या आणि त्या बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहायचं. १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ही मोजमापं छापली. ब्रिटिश नौदलातल्या माणसांच्या पोटातून अन्न बाहेर पडायला तीन दिवसांहून जास्त वेळ लागत होता आणि दिवसाचा मल साधारण १०० ग्रॅम भरत होता. युगांडातल्या खेडुतांना दीड दिवस पुरत होता आणि त्यांचा मल साडेचारशे ग्रॅमच्या वर होता.

त्या दशकात पाश्चात्त्य देशांत कोंड्याची लाटच आली. आयबीएसच्या रुग्णाला ‘कोंडा खा’ म्हणणं ही डॉक्टरांची सवय झाली. पुढे १९९४ साली मँचेस्टरच्या फ्रान्सिस आणि व्होरवेल यांनी आपल्या १०० रुग्णांना कोंड्याचा अनुभव विचारला. ५५ टक्क्यांनी सांगितलं की त्रास वाढला. फायदा झाला असं म्हणणारे १० टक्के निघाले. खलाशांचं पोट साफ करणारा कोंडा दवाखान्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना सोसला नव्हता.

बर्किट यांच्या आकड्यांना आपल्याकडची एक पुरवणी आहे. १९७५ साली दिल्लीच्या टंडन आणि टंडन या डॉक्टरांनी उत्तर भारतीयांच्या मलाचं वजन मोजलं. ते सरासरी ३११ ग्रॅम भरलं, म्हणजे ब्रिटिशांच्या सुमारे तिप्पट. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतले उदय घोषाल यांना पुढे असं दिसलं, की आतड्याचा वेग मोजणारी ७२ तासांची पाश्चात्त्य चाचणी आपल्या लोकांना जशीच्या तशी लावता येत नाही. तोवर गिळलेल्या खुणेच्या गोळ्या बाहेर पडून गेलेल्या असतात. त्यांनी चाचणीचं वेळापत्रकच आवळलं आणि क्ष-किरण ३६ व ६० तासांवर आणले. जो मुळातच डाळ, उसळ, पोळी-भाकरी खातो त्याला अमेरिकन माणसाच्या पोटाकडे पाहून ठरवलेली फायबरची मात्रा वरून द्यायची का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

तीन प्रश्न

‘डाएटरी फायबर’ हा शब्दप्रयोग १९५३ साली हिप्सली यांनी केला. १९७२ मध्ये ट्रॉवेल यांनी व्याख्या केली ती अशी: वनस्पतीच्या पेशीभित्तिकेचा जो भाग माणसाच्या पाचकरसांना दाद देत नाही तो. आपण ज्याला चोथा म्हणतो तो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही व्याख्या चटकन पटते. पण पाचकरसांना दाद न देणारी पण चोथ्यासारखी मुळीच नसलेली कितीतरी द्रव्यं पुढे या यादीत आली. २००९ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने व्याख्या नव्याने बांधली. निसर्गतः अन्नात असलेलं फायबर तर त्यात होतंच. शिवाय अन्नातून वेगळं काढलेलं आणि प्रयोगशाळेत घडवलेलंही त्यात बसलं, फक्त त्याचा शरीराला उपयोग होतो हे दाखवून द्यायचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ आणि २०१८ मध्ये अशाच अटीवर आपली यादी आखली आणि इन्युलिन, पॉलिडेक्स्ट्रोज, रेझिस्टंट डेक्स्ट्रिन या द्रव्यांना त्यात जागा मिळाली.

या सगळ्या द्रव्यांना पोट सारखं वागवत नाही. कोणतंही फायबर पुढ्यात आलं की तीन प्रश्न विचारावेत. ते पाण्यात विरघळतं का? विरघळून घट्ट, बुळबुळीत होतं का? आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून टाकतात का, टाकतात तर किती झपाट्याने?

गव्हाचा जाडसर कोंडा विरघळत नाही आणि फारसा आंबतही नाही. त्याचे खरबरीत कण आतड्याच्या आतल्या अस्तराला घासतात. त्या घासण्याला उत्तर म्हणून अस्तर पाणी आणि श्लेष्म सोडतं आणि मल मऊ होतो. हाच कोंडा मैद्यासारखा बारीक दळला की घासणं संपतं. अशा बारीक कोंड्याने मल उलट घट्ट होऊ शकतो, असं या विषयावर विस्ताराने लिहिणारे जॉन्सन मॅक्रॉरी सांगतात. ते इसबगोलाचं ‘मेटाम्युसिल’ विकणाऱ्या कंपनीत काम करत, हेही सोबत लक्षात ठेवावं. जाड आणि बारीक, दोन्ही कोंड्यांचे ग्रॅम लेबलवर मात्र सारखेच दिसणार.

इसबगोलाची भुशी पाणी धरून जेली होते. ती फारशी आंबत नाही, त्यामुळे ती जेली शेवटपर्यंत टिकते. कडक खडा झाला असेल तर त्याला ती मऊ करते, आणि पातळ जुलाब होत असतील तर त्यांना बांधून धरते. इन्युलिन पाण्यात विरघळतं पण घट्ट होत नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच जिवाणू त्यावर तुटून पडतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही उपयुक्त आम्लं तयार होतात; ब्युटिरेट तर आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. पण त्याच भट्टीतून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही निघतो.

हा वायू किती असतो? शेफील्डच्या संशोधकांनी १९९१ साली दहा निरोगी स्वयंसेवकांच्या गुदद्वारातून निघणारा वायू चोवीस तास गोळा केला. रोजच्या जेवणात २०० ग्रॅम बेक्ड बीन्स घातले होते. दिवसभराचा वायू ४७६ पासून १४९१ मिलिलिटरपर्यंत भरला. मध्य आकडा ७०५. फायबर पूर्ण काढून टाकल्यावर तो २१४ पर्यंत उतरला. निरोगी माणसांतही एकाचा वायू दुसऱ्याच्या तिप्पट निघाला.

चिकोरीचं मूळ

इन्युलिनवर इतका भर द्यायचं कारण म्हणजे कारखानदारांची त्याच्यावर मर्जी आहे. ते प्रामुख्याने चिकोरीच्या मुळापासून काढतात. बेल्जियम, नेदरलँड्स आणि उत्तर फ्रान्समध्ये चिकोरीची शेतं आणि त्यावरचे कारखाने आहेत. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणारी चिकोरी भाजून कॉफीत मिसळली जाते. इन्युलिन गोडसर असल्यामुळे साखर कमी करता येते, मलईचा भास देत असल्यामुळे चरबी कमी करता येते, आणि लेबलवर फायबरचे ग्रॅमही वाढतात. आइस्क्रीम, दही, बार, बिस्किटं, शेक, सगळीकडे ते मावतं. घटकांच्या यादीत त्याची नावं बदलतात: इन्युलिन, चिकोरी रूट फायबर, ऑलिगोफ्रुक्टोज, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड किंवा नुसतं एफओएस.

या कुळातली द्रव्यं आपल्या ताटात आधीपासून आहेत. कांदा, लसूण आणि गहू हे त्यांचे नैसर्गिक साठे. गव्हाने पोट फुगतं म्हणून ‘ग्लुटेन’ सोडणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांच्याबाबत नॉर्वेत एक सुंदर प्रयोग झाला. सीलिॲक आजार नसलेल्या, पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ लोकांना तीन प्रकारचे म्यूस्ली बार आळीपाळीने खायला दिले. एकात ग्लुटेन, एकात इन्युलिनच्याच कुळातलं फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. कोणता बार कोणता, हे खाणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: सर्वाधिक त्रास फ्रुक्टानच्या बारने झाला, आणि ग्लुटेनने होणारा त्रास काहीच न घातलेल्या बारपेक्षा वेगळा काढता आला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने आयबीएससाठी घडवलेल्या कमी-फॉडमॅप, म्हणजे चटकन आंबणाऱ्या शर्करा कमी असलेल्या, आहारात कांदा-लसूण आणि गहू यांवर काट मारलेली असते, ती याच फ्रुक्टानमुळे.

मग किती इन्युलिन चालतं? मिनेसोटा विद्यापीठात २०१० साली २६ निरोगी माणसांवर झालेल्या चाचणीत दिवसाला १० ग्रॅमपर्यंत साधं इन्युलिन बहुतेकांनी सोसलं. लांबीला आखूड अशा ऑलिगोफ्रुक्टोजची मर्यादा मात्र ५ ग्रॅमच निघाली. साखळी आखूड असली की जिवाणूंना ती पटकन फोडता येते आणि वायू एकदम सुटतो. म्हणजे नाव एक, कूळ एक, तरी सोसण्याची मर्यादा निम्मी. सकाळचा ‘हेल्दी’ बार, दुपारचं ‘फायबरयुक्त’ दही आणि संध्याकाळचा शेक यांची बेरीज तुम्हाला कुणी करून देत नाही. अमेरिकेत पॉलिडेक्स्ट्रोज एका खेपेला १५ ग्रॅमहून अधिक असेल तर संवेदनशील माणसाला जुलाब होऊ शकतात, असा इशारा पाकिटावर छापावा लागतो. म्हणजे असा इशारा छापता येतो, आणि तो छापायला लावताही येतो.

उलट्या बाजूचा फसवा प्रकारही आहे. आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड नावाचं एक गोड सिरप अनेक वर्षं बारमध्ये फायबर म्हणून मिरवत होतं. तपासून पाहिल्यावर कळलं, की त्यातला बराच भाग लहान आतड्यातच पचतो आणि रक्तातली साखर वाढवतो. पोटाला त्याचा त्रास झाला नाही तर नवल नाही. फायबर म्हणून त्यात मुळात फार काही नव्हतंच.

वायू आणि वेदना

इथे पुन्हा तो प्रश्न उरतो: वायू सारखा असताना त्रास वेगळा का? बार्सिलोनातल्या फर्नांडो अस्पिरोस यांच्या गटाने या प्रश्नावर दशकानुदशकं काम केलं आहे. त्यांनी नळीतून माणसाच्या आतड्यात ठरावीक वेगाने वायू सोडला. निरोगी माणसं तो जवळपास त्याच वेगाने बाहेर टाकतात. पोटाची तक्रार असणाऱ्यांपैकी अनेकांत तो अडून राहतो, किंवा थोड्याशा वायूनेही दुखतं. त्यांच्याच अभ्यासांत असंही दिसलं, की पोट डब्ब दिसतं त्या वेळी आत वायू फारसा वाढलेला नसतो. छाती-पोटातला पडदा खाली सरकतो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे पोट पुढे येतं. रुग्ण म्हणतो ‘गॅस झालाय’, आणि बिघाड असतो आतड्याच्या संवेदनेत आणि स्नायूंच्या वागण्यात.

सुदैवाने पोटाला सवय लागते. बार्सिलोनाच्याच एका प्रयोगात निरोगी लोकांना रोज थोडं गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे आंबणारंच आणखी एक फायबर, दिलं. सुरुवातीला वायू वाढला. तीन आठवड्यांनी, पूड चालू असतानाच, तो पूर्वपदावर आला. जिवाणूंची घडी बदलली होती आणि कमी वायू सोडणारे मार्ग पुढे आले होते. ‘हळूहळू वाढवा’ या सल्ल्यामागे एवढं शास्त्र आहे. पहिल्या तीन दिवसांच्या त्रासावरून ‘मला फायबर चालत नाही’ असा निकाल देणं घाईचं होतं.

पण सवयीलाही सीमा आहे. स्टॅनफर्डमध्ये २०२२ साली १८ माणसांना दर आठवड्याला वाढवत वाढवत ३० ग्रॅमपर्यंत शुद्ध फायबर दिलं गेलं. एका फायबराने, ॲरॅबिनोझायलनने, बहुतेकांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरलं. इन्युलिनच्या सर्वात मोठ्या मात्रेवर मात्र काहींच्या रक्तात दाहाच्या खुणा वाढल्या आणि यकृताचं एक एन्झाइमही वर गेलं. सगळ्यांत नाही, काहींत. फायबराचा परिणाम माणसागणिक बदलतो, हे आकड्यांनिशी दिसलं.

उंझ्याची भुशी

जगाला इसबगोल पुरवतो तो भारत. गुजरातमधल्या उंझ्याची बाजारपेठ आणि सिद्धपूरचे भुशीचे कारखाने या धंद्याचं केंद्र आहेत. राजस्थानातही त्याची मोठी लागवड होते. आपल्या आजीच्या कपाटातला हा डबा अमेरिकेत ‘मेटाम्युसिल’ म्हणून विकला जातो, आणि तिथल्या प्रशासनाने १९९८ साली हृदयरोगाच्या संदर्भातला आरोग्यदावा त्याला मंजूर केला.

सोसण्याच्या कसोटीवर ही भुशी चांगली उतरते. नेदरलँड्समध्ये २००९ साली आयबीएसच्या २७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इसबगोल, कोंडा आणि तांदळाचं पीठ यांची तुलना झाली. आराम इसबगोलाने मिळाला. कोंड्याच्या गटातून सर्वाधिक लोक मध्येच गळाले, मुख्यतः त्रास वाढला म्हणून. नॉटिंगहॅमच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. आयबीएसच्या रुग्णांना २० ग्रॅम इन्युलिनसोबत २० ग्रॅम इसबगोल दिला, तर इन्युलिनने होणारा वायू लक्षणीय उतरला. इसबगोलाने आंबणं थेट रोखलं नव्हतं. त्याच्या जेलीत अडकलेलं इन्युलिन जिवाणूंच्या हाती सावकाश लागत असावं, असा अंदाज आहे.

तरी इसबगोल सर्वांना नाही. जर्मनीतल्या १९९७ च्या एका अभ्यासात जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांना तो दिला. ज्यांच्या तपासणीत कसलाही बिघाड नव्हता अशांपैकी ८५ टक्क्यांचा त्रास कमी झाला किंवा थांबला. पण ज्यांचं आतडंच मुळात मंद होतं त्यांतल्या ८० टक्क्यांना, आणि ज्यांचे शौचाच्या वेळचे स्नायू नीट सैल होत नव्हते त्यांतल्या ६३ टक्क्यांना उपयोग झाला नाही. अशा माणसाला ‘अजून दोन चमचे घ्या’ म्हणणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतणं.

पाण्याचीही गोष्ट गंभीर आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत गवारगमच्या वजन घटवणाऱ्या गोळ्या खपत होत्या. त्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्याच्या घटना घडल्या आणि प्रशासनाला त्या बाजारातून काढाव्या लागल्या. इसबगोलाची भुशीही कोरडी किंवा घोटभर पाण्यासोबत घेऊ नये. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये, आणि इतर औषधं तिच्यापासून थोड्या अंतराने घ्यावीत.

भाकरीचा अंश

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम फायबर आहे. बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या आट्यात ११ च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही आत. त्याच संस्थेच्या हिशेबाने २००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ३० ग्रॅम पुरतात. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, भाजी आणि एखादा पेरू खाणारा त्याच्या जवळ पोहोचतो. जो पाव, पॉलिशचा भात आणि साबुदाणा यांवर दिवस काढतो तो पोहोचत नाही, आणि त्याच्याच हातात ‘हाय फायबर’ बिस्किटाचा पुडा पडतो.

भाकरीतलं फायबर आणि पुडीतलं फायबर यांत फरक एवढाच की भाकरीत ते विखुरलेलं असतं. काही आंबणारं, काही न आंबणारं, सगळं स्टार्च आणि प्रथिनांत गुंतलेलं. ते आतड्यात एका जागी, एका क्षणी, एकदम सुटत नाही. कडधान्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा वायू करतात हे खरं. पण मटकी भिजवून, भिजवलेलं पाणी ओतून देऊन तिला मोड आणले, की त्या शर्करा घटतात. ही पद्धत आपल्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून आहे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबरची शिफारस केली, तेव्हा ते अन्नात निसर्गतः असलेलंच असावं असं नेमकं लिहिलं.

पुडी वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. ज्याला बद्धकोष्ठ आहे, ज्याचं कोलेस्टेरॉल वाढलं आहे, त्याला इसबगोल औषधासारखा उपयोगी पडतो, आणि औषधासारखाच तो मात्रेत, पाण्यासह आणि कारण पाहून घ्यावा. अमेरिकेत २०२१ साली झालेल्या तुलनेत रोज दोन हिरवी किवी, प्रून आणि इसबगोल या तिघांनीही बद्धकोष्ठ सारखंच सुधारलं, आणि सर्वांत कमी तक्रारी किवीबद्दल आल्या. ज्याला पर्याय आहे त्याने आधी ताट पाहावं.

नियमांकडून एवढीच मागणी करावीशी वाटते की पाकिटाच्या दर्शनी भागावर ग्रॅमसोबत फायबराची जातही छापावी, आणि झपाट्याने आंबणारं असेल तर एका खेपेची मर्यादाही. तोवर वाचकाने पुडा उलटा करून घटकांची बारीक अक्षरं वाचावीत. दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावर इन्युलिन किंवा ऑलिगोफ्रुक्टोज दिसलं आणि पोट आधीच हळवं असेल, तर अर्ध्या बिस्किटापासून सुरुवात करावी, दोन-तीन आठवडे थांबून पाहावं, आणि तरीही जमलं नाही तर बिनदिक्कत सोडून द्यावं. त्या पुड्यातले सहा ग्रॅम बाजरीच्या एका जाड भाकरीत सहज मिळतात.